शब्दचर्चा : ‘उपनदी’तला ‘उप’ धाकटा की जवळचा?

डिचोलीकर :

नमस्कार. मी सातवीला भूगोल शिकवते. गेल्या आठवड्यात जगातल्या मोठ्या नद्यांचा धडा घेतला. फळ्यावर मिसिसिपी काढली, पश्चिमेकडून मिसूरी आणून तिला जोडली आणि बाजूला लिहिलं, ‘मिसूरी : मिसिसिपीची उपनदी’. मुलं वहीत उतरवून घेत होती. दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा मध्येच लिहायचा थांबला. लांबीचा तक्ता आधीच लिहून दिला होता. त्यात मिसूरी ३,७६७ किलोमीटर आणि मिसिसिपी तिच्याहून थोडी कमीच. त्याने विचारलं, ‘बाई, मोठी असून ती उप कशी?’

जी समुद्राला मिळते ती मुख्य, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं. घरी येऊन विचार केला तेव्हा मलाही पटेना. आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेली व्याख्या म्हणजे ‘मोठ्या नदीला मिळणारी लहान नदी ती उपनदी’. त्या व्याख्येतला ‘लहान’ हा शब्द मिसूरीपाशीच खोटा ठरतो. मग ‘उप’चा अर्थ काय घ्यायचा? आपल्या बोलण्यात याहून बरा शब्द आहे का? जाणकारांनी सांगावं, मुलांना नीट उत्तर द्यायचं आहे.

फोंडेकर :

बाई, तुमच्या विद्यार्थ्याने बरोबर वर्मावर बोट ठेवलं आहे. ‘उप’ला संस्कृतात दोन अंगं आहेत. एक गौणपणाचं : उपग्रह, उपवाक्य, आजच्या कारभारातला उपसचिव. दुसरं जवळ असण्याचं : उपनयन म्हणजे गुरूजवळ नेणं, उपासना म्हणजे जवळ बसणं, उपस्थित म्हणजे जवळ येऊन उभा राहिलेला. अव्ययीभाव समास शिकवताना मी मुलांना ‘उपनदम्’ आणि ‘उपनदि’ ही जोडी हमखास द्यायचो. पाणिनीच्या नियमाने दोन्ही रूपं चालतात आणि दोन्हींचा अर्थ एवढाच की ‘नदीजवळ’. लहान-मोठेपणाचा तिथे वाससुद्धा नाही. म्हणून मी उपनदीचा अर्थ ‘जवळ येऊन मिळणारी नदी’ असाच लावतो, आणि तुम्हीही तो बेलाशक लावा.

मुख्य कोण, हे पाणी ठरवत नाही. ते नाव ठरवतं आणि नाव माणसं ठरवतात. मिसिसिपीचंच बघा. केरो या गावापाशी तिला ओहायो मिळते, आणि तिथे ओहायोचं पाणी मिसिसिपीपेक्षा जास्त असतं. तरी संगमाखाली नाव चालतं ते मिसिसिपीचंच. म्हणजे एक उपनदी तिच्याहून लांब, दुसरी तिच्याहून भरलेली. आपल्याकडे देवप्रयागला अलकनंदा भागीरथीपेक्षा जास्त पाणी घेऊन येते, पण गंगेचा उगम विचारला की आपल्या तोंडी गोमुखच येतं, कारण भगीरथाची कथा त्या बाजूची आहे. श्रद्धेने दिलेला मान तो, त्यात चूक काढण्यासारखं काही नाही. पण अलकनंदेला त्यामुळे धाकटी म्हणू नये.

खार्टूमला वेगळाच न्याय लावलेला दिसतो. इथिओपियातल्या टाना सरोवरातून येणारी निळी नाईल पावसाळ्यात पुराचं बहुतेक पाणी आणि गाळ आणते, श्वेत नाईल बारा महिने संथ पुरवठा करते. तिथे कुणालाच उपनदी म्हटलं नाही, दोघींनाही नाईलच म्हटलं. मला हा तोडगा फार आवडतो. पुढे अटबारा मिळाली की समुद्रापर्यंत नाईलला एकही उपनदी नाही. वाळवंटातून ती एकटीच जाते, असं मुलांना जरूर सांगा.

जाता जाता एक विनंती. ‘ब्रह्मपुत्रा’ लिहू नका. तो नद आहे, पुल्लिंगी. ‘ब्रह्मपुत्र’. शोणही तसाच. परीक्षेचे पेपर तपासताना मी ही दुरुस्ती आयुष्यभर केली.

सत्तरीकर :

सरांचा ‘जवळ येणारी’ हा अर्थ मनाला भिडला. पण आमच्या भागात, गोव्यातल्या सत्तरीत, उपनदी हा शब्द शाळेबाहेर कोणी वापरत नाही. ‘ही न्हंय म्हादयेक मेळटा’, म्हणजे ही नदी म्हादईला मिळते, एवढंच म्हणतात. कोण कोणाची, असा हिशेब बोलण्यात नाही, मिळणं तेवढं आहे. माझ्या आजीचं मोजमाप सोपं होतं : कपडे वर खोचून पार करता येतो तो व्हाळ आणि जिला होडी लागते ती न्हंय. मे महिन्यात न्हंय गुडघाभर झाली तरी ती तिला व्हाळ म्हणत नसे. एकदा न्हंय म्हटली की ती न्हंयच.

मला खरं बोलायचं आहे ते ‘नाला’ या शब्दावर. कळसा आणि भांडुरा हे म्हादईच्या खोऱ्यातले प्रवाह. ते कर्नाटकातल्या मलप्रभा नदीकडे वळवण्यावरून गोवा आणि कर्नाटक यांच्यात इतकी वर्षं तंटा चालू आहे, २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याचा निवाडा आला. या सगळ्या काळात बातम्यांत शब्द काय? ‘कळसा नाला’, ‘भांडुरा नाला’. सरकारी कागदात तो शब्द ओढ्याच्या अर्थी असेल, पण मराठी माणसाच्या कानाला नाला म्हटलं की शहरातलं सांडपाणी येतं. परगावच्या एका ओळखीच्या माणसाने मला अगदी साधेपणाने विचारलं, ‘अहो, नाल्याचं पाणी वळवलं तर तुमच्या नदीचं काय बिघडणार?’ त्याचा दोष नव्हता. शब्दानेच त्याला तसं सांगितलं होतं. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात जे पाणी उरतं ते अशाच व्हाळांतून, रानातल्या झरींतून पाझरत आलेलं असतं. त्यांना वगळून उरेल ते कोरडं पात्र.

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीला कधी गेलात तर उभं राहून बघा. मलप्रभा तिथेच उगवते आणि पूर्वेला कृष्णेकडे, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे जाते. त्याच माथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस म्हादईतून अरबी समुद्राला येतो. पुस्तकात याला ‘जलविभाजक’ म्हणतात. बाई, या एका शब्दासाठी मुलांची सहल तिथे न्या.

पणजीकर :

सत्तरीकरांशी पूर्ण सहमत, आणि त्याला जोडून एक गोष्ट. आम्ही पणजीत मांडवीकाठी, म्हणजे म्हादईच्याच खालच्या अंगाला राहतो, पण मांडवीचं पाणी पिऊ शकत नाही. भरतीचा जोर वर पार गांजेपर्यंत जाणवतो, इथे तर समुद्र दारातच. आमच्या नळाला येतं ते ओपाचं पाणी, म्हणजे खांडेपार नदीचं. दूधसागरावरून पडलेलं तेच पाणी पुढे खांडेपार म्हणून वाहत मांडवीला मिळतं. पुस्तकात ती मांडवीची उपनदी, आमच्या घरात मात्र तीच मुख्य.

माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. ते नदीला कधी कधी ‘रियु’ म्हणत. त्यांनी मला लहानपणी सांगितलेलं अजून आठवतं : रिओ द जानेरो म्हणजे जानेवारीची नदी, पण तिथे नदी नाहीच. १५०२ च्या जानेवारीत पोर्तुगीज तिथे पोचले, त्यांच्यासमोर होतं ते समुद्राचं आत शिरलेलं पाणी, ग्वानाबाराचा उपसागर. नाव मात्र नदीचं पडलं ते पडलंच. मिरामारला उभं राहून आग्वादकडे बघताना मला हे नेहमी आठवतं. इथे मांडवी संपली आणि समुद्र सुरू झाला, अशी रेघ कुठे आहे? खाडी हा शब्द त्या रेघेच्या जागी आपण ठेवला आहे, आणि ‘मांडवीची खाडी’ असं पणजीत कुणी म्हणत नाही. शेवटपर्यंत ती नदीच.

ॲमेझॉनच्या उपनद्यांची नावं आजोबांना नकाशाशिवाय कळायची, कारण ती त्यांच्या भाषेतली. मादेरा म्हणजे लाकूड. पुरात झाडंच्या झाडं वाहून आणणारी नदी, लांबी सुमारे ३,२५० किलोमीटर, आणि तिलाही म्हणायचं उपनदीच! रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. आपल्याला कारवारची काळी ठाऊक असते, तशीच ही त्यांची काळी. रानातला पालापाचोळा कुजून तिचं पाणी कोऱ्या चहासारखं होतं. मानाउस शहराजवळ तिला अँडीजचा गाळ घेऊन आलेली मातकट सोलिमोएस भेटते. एकीचं पाणी कोमट आणि संथ, दुसरीचं थंड आणि वेगाचं. त्यामुळे एकाच पात्रात दोघी सुमारे सहा किलोमीटर शेजारी शेजारी चालतात, मिसळत नाहीत. तिकडे त्या जागेला ‘पाण्यांची भेट’ म्हणतात. आणि गंमत नव्हे, महत्त्वाचं आहे म्हणून सांगतो : सोलिमोएस ही वेगळी नदी नाही. ब्राझीलमध्ये मानाउसच्या वरच्या ॲमेझॉनचंच ते नाव. आपली वरची म्हादई आणि खालची मांडवी, अगदी तसं. दोडामार्गची तिलारी आपल्याकडे येऊन शापोरा होते तेही तसंच.

केपेकर :

कुशावतीचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. जुवारीला मिळणारी. उसगाळीमळला तिच्या काठच्या जांभ्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली चित्रं आहेत. ‘लहान नदी’ असं लिहिताना एवढं लक्षात असावं.

डिचोलीकर :

सर्वांचे मनापासून आभार. आता उलटा प्रश्न. नदीला येऊन मिळते ती उपनदी. नदीतून फुटून वेगळी जाते तिला पुस्तकात ‘वितरिका’ दिलं आहे, काही जण ‘शाखा’ म्हणतात. मुलं या दोन्हींचा नेहमी घोळ करतात. वितरिका त्यांच्या तोंडात बसत नाही आणि शाखा म्हटलं की ती उपनदीलाही शाखा म्हणू लागतात.

फोंडेकर :

शाखा सोडून द्या. नदीचा नकाशा झाडासारखा दिसतो हे खरं, पण झाडात रस खोडाकडून फांदीकडे जातो आणि उपनदीत पाणी फांदीकडून खोडाकडे येतं. त्यामुळे शाखा म्हटल्यावर पाणी कुठल्या दिशेने चाललं आहे ते कळतच नाही, आणि नदीच्या बाबतीत दिशा हीच तर मुख्य गोष्ट. वितरिका शब्द बरोबर आहे, वितरण करणारी, वाटून देणारी. गंगेचं पाणी हुगळी वाटून नेते. नाईल कैरोच्या खाली रोझेटा आणि डॅमिएटा अशी दोन वाटांनी जाते आणि मधली जमीन तिकोनी होते. ग्रीकांना तिच्यात आपलं तिकोनी अक्षर दिसलं, आपण तिला त्रिभुज प्रदेश म्हटलं. पण वर्गात बोलताना मी साधा ‘फाटा’ वापरीन. रस्त्याला फाटा फुटतो तसा नदीला. वितरिका लिहिण्यापुरती राहू द्या.

कुंभारजुवेकर :

सर, आमच्या दारातल्या पाण्याला मग काय म्हणायचं? सगळे ‘कुंभारजुव्याचा कालवा’ म्हणतात. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा, साधारण पंधरा किलोमीटरचा. कालवा म्हटलं की मला सरळ खणलेला पाट दिसतो. हे पाणी तर वळणं घेत जातं, काठी खारफुटी, चिखलात मगरी पडलेल्या.

लहानपणी आमचा एक खेळ होता. भरती लागली की नारळाचं सोडण पाण्यात टाकायचं आणि बघत राहायचं. भरतीचं पाणी आत येतं ते दोन्ही तोंडांनी, मांडवीकडून आणि जुवारीकडूनही. सोडण एका बाजूने निघायचं, हळूहळू मंद व्हायचं आणि एका जागी नुसतं डुलत राहायचं, कारण समोरूनही पाणी आलेलं असायचं. सुकती लागली की आलं तसं परत. आता ते पाणी कोण कोणाला देतंय? उपनदी म्हणावी तर कोणाची? फाटा म्हणावा तर कोणाचा?

फोंडेकर :

हे वर्णन वाचून फार समाधान वाटलं. तुमच्या पाण्याला ना उपनदी म्हणता येईल, ना फाटा. जगात याची मोठी बहीण आहे. दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीचं काही पाणी कासिकियारे नावाच्या प्रवाहाने फुटतं आणि सुमारे ३२० किलोमीटर जाऊन रिओ नेग्रोला, म्हणजे ॲमेझॉनच्या खोऱ्यात मिळतं. दोन महानद्यांची खोरी निसर्गानेच जोडलेली. युरोपातल्या विद्वानांचा यावर विश्वास बसेना. १८०० साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुंबोल्ट स्वतः त्यातून होडीने गेला आणि त्याने त्याची नोंद केली. कासिकियारे ओरिनोकोचा फाटा आहे आणि नेग्रोची उपनदीही आहे. ज्या काठावर उभं राहाल तसा शब्द बदलतो. तुमच्याकडे तर भरती-सुकतीबरोबर दिवसातून अनेकदा बदलतो. मी त्याला ‘जोडनदी’ म्हणेन. शब्द माझा आहे, कोशात शोधू नका, पण कालव्यापेक्षा तो खरा आहे.

सत्तरीकर :

जोडन्हंय. आमच्या तोंडातही बसतो.

डिचोलीकर :

आज वर्गात हे सगळं घेतलं. फळ्यावर व्याख्या अशी लिहिली : ‘जी नदी दुसऱ्या नदीजवळ येऊन तिला मिळते आणि तिथून पुढे आपलं नाव सोडते, ती तिची उपनदी.’ खाली उदाहरणं मुलांनीच सांगितली. यमुना, भीमा, मिसूरी, मादेरा. मग मागच्या बाकावरून कोणीतरी आपल्याच भागातल्या नदीचं नाव घेऊन ओरडलं, ‘बाई, वाळवंटी!’ मग खांडेपार आली, कुशावती आली आणि फळा भरला.

दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलाने आधीचं पान फाडलं नाही. जुन्या व्याख्येतला ‘लहान’ तेवढा त्याने खोडरबराने पुसला. नवी व्याख्या त्याच्याच खाली लिहिली आणि मिसूरीच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. पुढच्या मंगळवारी त्रिभुज प्रदेशाचा धडा आहे. फाटा हाच शब्द घेणार आहे, आणि सोडणाचा खेळ सांगणार आहे. कुंभारजुवेकर, तुमची परवानगी आहे असं धरून चालते.