विषय: मेलबर्न मंडळाच्या शनिवारच्या हळदीकुंकवाचं वाण, कृष्णकमळाची रोपं (तातडीचं)

नंदाताई, ग्लेन वेव्हर्ली:
मंडळी, कुंड्या भरून तयार आहेत. ट्रेमध्ये लावायला शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी या. आमच्या पॅशनफ्रूटच्या फळवेलाच्या बुडाशी कृष्णकमळ भराभर फुटलंय, तीच रोपं लावली आहेत. या वेळी जिवंत वाण. आणि हो, जानेवारी अर्धा सरला तरी वेलावर हिरवं फळसुद्धा नाही, नुसती निळी-पांढरी फुलं. खत कोणतं घालू?

संजय, वेरिबी:
नंदाताई, कृपा करून ती रोपं वाटू नका. बुडातून फुटलाय तो खुंट आहे, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं झाड. इथे नर्सरीत मिळणारं काळं पॅशनफ्रूट बरेचदा पॅसिफ्लोरा सेरुलियाच्या, म्हणजे या निळ्या कृष्णकमळाच्या खुंटावर कलम केलेलं असतं, कारण तो मर रोगाला सहसा बळी पडत नाही. आमच्या तासगावात द्राक्ष डॉगरिज नावाच्या खुंटावर चढवतात, तसंच. पानं बघा. पॅशनफ्रूटचं पान मोठं, चकचकीत, तीन भागांचं. खुंटाचं बारीक, पाच बोटांचं, कधी सात. त्याला नारिंगी फळ धरतं, पण त्याला चव नसते. हा वेल मुळांवरून फुटत कुंपणाखालून शेजाऱ्याच्या लॉनमध्ये जातो. पन्नास घरी वाटलात तर पन्नास शेजारी मंडळाच्या नावाने ओरडतील.

विद्याकाकू, बॉक्स हिल:
खताचं म्हणाल तर आमच्या शेजारच्या आजी लावतानाच खड्ड्यात मेंढीची कलेजी पुरायला सांगतात. इथले जुने लोक सगळे तेच करतात. आमच्या घरी माळ आहे, त्यामुळे प्रश्नच नाही. शाकाहारी उपाय कुणी सांगेल का?

मोघेकाका, मिचम:
खताचं नंतर बघा. फुटवे जमिनीलगत कापा आणि कापल्या जागी लगेच ग्लायफोसेटचा बोळा फिरवा. विषय संपला.

संजय, वेरिबी:
काका, तसं मुळीच करू नका. फुटवा आणि वरचं कलम एकाच मुळावर आहेत. औषध मुळात उतरलं की फळाचा वेलही जाईल. कात्री लावली तर एकाचे चार फुटतात. माती ओली असताना फुटवा जिथून निघालाय तिथून ओढून काढायचा. विद्याकाकू, कलेजीची गरज नाही. वासाने कुत्रा नाहीतर कोल्हा उकरतो, वरवरची मुळं तुटतात आणि तुटल्या जागी खुंट फुटतो. पोटॅश जास्त असलेलं फळझाडांचं खत घाला, पाणी भरपूर द्या. लॉनचं खत नको, नायट्रोजनने नुसता पाला माजतो. आणि बुडाशी कुदळ घालू नका.

सुनीता, महिला समिती:
वाण काय द्यायचं ते आमची समिती ठरवते आणि ते डिसेंबरच्या बैठकीत ठरलंय. माझ्या आजोळी सांगलीला दारावरच कृष्णकमळ होतं. बाहेरचे तंतू कौरव, मधले पाच पांडव, वरचे तीन ब्रह्मा-विष्णू-महेश, हे आजीने फूल हातात धरून शिकवलं. श्रावणात शंकराला तेच वाहायचो. इथल्या मुलींना ते फूल बघायला मिळावं एवढीच इच्छा आहे.

संजय, वेरिबी:
सुनीताताई, फूल मलाही प्रिय आहे. पण पांडव नि कौरव खाण्याच्या पॅशनफ्रूटच्या फुलातही दिसतात, तंतू कडेला पांढरे आणि आत जांभळे. मुलींना ते दाखवा, वर फळही मिळेल.

नंदाताई, ग्लेन वेव्हर्ली:
सकाळी पालापाचोळा बाजूला करून बघितलं. मातीपासून वीतभर वर कलमाची गाठ आहे. तिच्यावरचा दांडा काळपट दिसतो, पण नखाने साल खरवडली तर आत ओलं हिरवं आहे. गटाराच्या पाइपापाशी तीन भागांची चार-पाच पानंही सापडली, बाकी भिंत पाच बोटांनी झाकलेली. म्हणजे वेल जिवंत आहे. आजपासून फुटवे ओढायला घेते. पण शनिवारी बायकांना काय देऊ? आणि या कुंड्यांचं काय?

सुनीता, महिला समिती:
माझ्या कढीपत्त्याच्या भोवती पिल्लं पुष्कळ आली आहेत, ती देऊ. कुंड्या त्याच वापरा, माती बदलून. समितीला मी कळवते.

मोघेकाका, मिचम:
काढलेले वेल कंपोस्टमध्ये टाकू नका, मुळाचा तुकडा राहिला तर फुटेल. कौन्सिलच्या हिरव्या बिनमध्ये टाका. आमची बिन रिकामी आहे, शुक्रवारी ट्रे भरायला येताना गाडीत घालून नेतो.