पावसात पिल्लाला फिरवायचं कसं?

पणजीकर: पाच महिन्यांचं गावठी पिल्लू आहे, सकाळी मिरामारला नेलं की खेकड्यांची बिळं उकरत बसतं, नाकभर वाळू, ओढलं तरी हलत नाही, जाम मजा येते. पण आता पाऊस सुरू झाला, तुम्ही काय करता?

फोंड्याची: न्यायचंच, नाहीतर घरातल्या चपला गेल्या समजा 😄 आल्यावर बोटांच्या फटी नि कानामागे पुसून कोरडं करा, गोचिडी तिथेच दडतात. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची (असल्या घाण पाण्यातून होणारा आजार) लस झालीय ना?

म्हापसेकर: लेप्टोला +१, रेबीजची पण विसरू नका, गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित जाहीर झालं म्हणून लस सुटत नाही. बाकी आमच्यामुळे नाही, कुत्र्यामुळे अख्खा वाडा ओळखतो, हाक त्यालाच मारतात, मी नुसता दोरी धरणारा