मोहाची फुलं पडायला लागली की वर्ग रिकामा. तुम्ही काय करता?

नवा गुरुजी, भामरागड तालुका
नमस्कार. मी साताऱ्याकडचा. गडचिरोली जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत माझं हे पहिलंच वर्ष. पहिली ते चौथी, पट २३, सगळी माडिया आदिवासी मुलं. फेब्रुवारीपर्यंत हजेरी छान होती. मोह पडू लागला आणि काल वर्गात सहा जण. त्यात सकाळची शाळा सुरू झाली, साडेसातची. घरोघरी फिरलो. पालक शांतपणे ऐकून घेतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परीक्षा तोंडावर आलीय. कोणी मार्ग काढलाय का?

एटापल्ली, ११ वर्षं
गुरुजी, घरी नका जाऊ, झाडाखाली जा. पहाटे पाचला. फूल टपटपायला लागतं ते नऊ-दहापर्यंत. वेचलं नाही तर गुरं खातात, अस्वलं येतात. वाळवलेल्या मोहावर घरचं मीठ-तेल, कपडालत्ता निघतो. सकाळची शाळा नेमकी वेचणीच्याच वेळेला येते हो! आम्ही शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घेतला, केंद्रप्रमुखांमार्फत परवानगी मागितली आणि मोहापुरती शाळा साडेदहाला भरवली. ऊन लागतं, म्हणून दुपारी एक वाजताच जेवण देऊन सोडायचो. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास भरावे लागतात, तेवढा हिशेब आधी जुळवून ठेवा.

आणि गणित रानातूनच घ्या. तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, एका पुडक्यात ७० पानं. माझ्या तिसरीला ७० गुणिले ६ फळ्यावर अडायचं. "सहा पुडके बांधले, पानं किती?" म्हटलं की लगेच ४२०. मे महिन्यात आईशेजारी बसून पुडके बांधलेली पोरं ती.

निवृत्त बाई
माझी एक चूक सांगते. एप्रिलमध्ये मी वर्गात कैरी चिरून मीठ लावून वाटली. एकानेही हात लावला नाही. मला वाटलं, लाजतात. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मरका पंडुम व्हायचाय." तो सण झाल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत. कैऱ्या तशाच राहिल्या, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून जूनमध्येच गावातल्या मोठ्यांना विचारून पंडुमचे दिवस वहीत लिहून घ्यायचे आणि चाचण्या त्याप्रमाणे लावायचे. तुम्हीही विचारा, आनंदाने सांगतात.

नवा गुरुजी, भामरागड तालुका
आज पाचला गेलो. झाडाखालचा पाला जाळून जमीन स्वच्छ केलेली, त्यावर पिवळट फुलं पसरलेली. मी उत्साहाने शेजारच्या झाडाखाली वाकलो, तर तिसरीतल्या मुलीने मनगट धरलं. "गुरुजी, ते आमचं नाही." कुठलं झाड कुणाचं, हे तिला पूर्ण रानभर पाठ आहे! टोपली भरली तेव्हा तिच्या आजोबांनीच विचारलं, शाळा दहानंतर घेता येईल का. शनिवारी समितीची बैठक बोलावलीय. एटापल्लीचे सर, तुमच्या ठरावाचा मजकूर इथे टाकाल का?