लोन ॲपवाल्यांकडून हप्ते पाडून घ्यायचे की थकवून सेटलमेंट करायची?

वानवडीकर
मावसभावाची केस आहे. खराडीला बीपीओत आहे, हातात बावीस हजार येतात. एका ॲपवरून पंधरा हजार घेतले. मंजूर १५,०००, खात्यात आले १३,२३०, कारण १,५०० प्रोसेसिंग फी आणि त्यावर १८% जीएसटी आधीच कापून घेतला. तीस दिवसांनी परत करायचे १५,४५०. ॲपवर मोठ्या अक्षरात व्याज वर्षाला ३६%, आणि हा म्हणतो क्रेडिट कार्डापेक्षा स्वस्त पडलं. अरे बाबा, हातात सव्वातेरा आले आणि महिन्यात वर सव्वादोन हजार गेले, सगळं धरलं तर दर वर्षाला दोनशे टक्क्यांच्या घरात जातो. हाच आकडा कर्जाच्या अटींच्या कागदात, त्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये, एपीआर (सगळा खर्च धरून वर्षाचा दर) म्हणून छापलेला होता, पण ते कोण उघडून बघतंय.

पुढचं जास्त वाईट. पगाराला एकरकमी भरता येईना, तर ॲपच सांगतं 'मुदत वाढवा', १,९०० भरा आणि अजून तीस दिवस घ्या. मुद्दल जिथल्या तिथे. हा महिनोन् महिने तेच करत बसला आणि घरात कुणाला पत्ता नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मुदतवाढ पहिली बंद करायची, आणि ड्यू डेट यायच्या आधी लेखी मेल टाकून हप्ते मागायचे. फोनवर नाही, चॅटवर नाही, मेल. आणि ॲपच्या कस्टमर केअरला नाही, ज्या एनबीएफसीचे, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपनीचे, पैसे आहेत तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्याचं नाव आणि मेल ॲपवर द्यावंच लागतं, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आम्ही लिहिलं ते असं: 'माझी देय रक्कम १५,४५० आहे. मला ती पूर्ण फेडायची आहे. एकरकमी शक्य नाही. दरमहा ५ तारखेला २,५७५ प्रमाणे सहा हप्ते मंजूर करावेत, मुदतवाढ फी लावू नये, आणि मंजुरी याच मेलवर कळवावी. सोबत पगाराची स्लिप.' बास. रडगाणं नाही, आईचं आजारपण नाही. त्यांनी आधी दोन हप्ते म्हणून उत्तर दिलं, ताणून ताणून चारवर आलं, व्याज चालू राहील पण फी नाही. सेटलमेंटच्या, म्हणजे थकवून कमी पैशांत मिटवायच्या, नादी लागू नका, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डवर, 'सेटल्ड' पडलं की ते वर्षानुवर्षं मागे लागतं.

चाकण_सेकंडशिफ्ट
तुमचा भाऊ नशीबवान म्हणायचा. मी पण ड्यू डेटच्या आधीच विचारलं होतं, उत्तर काय तर 'सर सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाहीये'. मेलला ऑटो रिप्लाय आणि तिकीट नंबर, पुढे काही नाही. आणि जेव्हा खरंच थकलं ना, तेव्हा स्वतःहून फोन करून सवलत द्यायला लागले, आधी सत्तर टक्के भरा म्हणाले, नंतर पन्नास. म्हणजे जो प्रामाणिकपणे आधी सांगतो त्याला काही नाही आणि जो थकवतो त्याला निम्मं माफ, मग शहाणा कोण?

दुसरं म्हणजे मुदतवाढीत तुमच्या भावाचे किती गेले ते जरा मोजा, मुद्दलाएवढे गेलेच असतील. वर अजून पूर्ण पंधरा हजार चारशे पन्नास द्यायचे? कशाला? सिबिल सिबिल करतात ते फ्लॅट घेणारे लोक. मी कॉन्ट्रॅक्टवर, अकरा महिन्यांनी ब्रेक देतात, मला होमलोन देणार कोण आहे, सिबिल ७५० असलं तरी.

सदाशिव_पेन्शनर
मुळात ऐपत नसताना कर्ज काढायचंच कशाला? आमच्या वेळी उसनं मागायला सुद्धा लाज वाटायची. आता बसल्या जागी बोट दाबलं की पैसे, आणि मग सरकारने नियम करावेत म्हणून ओरडा.

चाकण_सेकंडशिफ्ट
काका तुमच्या वेळी कंपनीत पर्मनंट होते सगळे आणि कंपनीची क्रेडिट सोसायटी होती, पगारातून कापून घ्यायचे. ती आजही आहे, पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांत आहे. पण आम्ही ठेकेदाराची माणसं, आम्हाला मेंबर करून घेत नाहीत. रूमचं डिपॉझिट भरायला पैसे लागतात तेव्हा ॲप सोडून कोण उभं करतं दारात सांगा.

सदाशिव_पेन्शनर
हा मुद्दा मान्य. तरी लाजेचा मुद्दा सोडत नाही मी.

एकेकाळचा_कॉलर
येरवड्याला एका कलेक्शन सेंटरला होतो, आता दुसऱ्या लाइनमध्ये आहे, म्हणून सांगू शकतो. तुम्ही दोघंही अर्धं अर्धं बरोबर आहात.

ड्यू डेटच्या आधी तुम्ही ज्याच्याशी बोलता त्याच्या हातात खरंच काही नसतं, त्याच्या स्क्रीनवर 'पे नाउ' आणि 'एक्स्टेंड' दोनच बटणं. थकलं की केस कलेक्शनला, म्हणजे वसुलीला, येते आणि किती दिवस थकलं त्याप्रमाणे बकेट बदलत जाते, तीस दिवस, साठ, नव्वद. नव्वद झाले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, तिथून पुढे कंपनीला जे मिळेल ते हवंच असतं, म्हणून सवलत वाढते. महिनाअखेरीला आणि मार्चमध्ये तर विचारू नका, टीम लीडर मागे उभा राहून 'क्लोज कर, क्लोज कर' करतो. तेव्हा 'आज सहापर्यंतच ऑफर आहे' असं कुणी म्हटलं तर हसा आणि फोन ठेवा, पुढच्या महिन्यात तीच ऑफर परत येते.

पण ह्या नव्वद दिवसांत काय काय होतं ते चाकणवाल्यांनी सांगितलं नाही. बँकेत नॅचचं मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, लावलेलं असतं. कंपनी तोच हप्ता पुन्हा पुन्हा टाकते, प्रत्येक बाउन्सला बँक पाचशे अधिक जीएसटी असे काहीतरी कापते, आणि पगार त्याच खात्यात येत असेल तर पगार आला की पहिला घास बँकेचा. निम्मं माफ झालं म्हणून खूश होणाऱ्या माणसाचे बाउन्समध्ये किती गेले ते तो मोजतच नाही.

आणि एक, कितीही गोड बोलला तरी एजंटच्या गूगल पे नंबरवर एक रुपया टाकू नका. पैसे फक्त कंपनीच्या खात्यात किंवा ॲपमधल्या लिंकवर. एजंटला पैसे गेले आणि लोन तसंच उभं, अशा केसेस मी स्वतः ऐकून घेतल्यात, समोर बाई रडत होती आणि सिस्टीममध्ये भरणा शून्य दिसत होता.

काळाकोट_शिवाजीनगर
बाउन्सचा विषय निघाला म्हणून. 'कर्ज थकवणं हा दिवाणी मामला, काही करू शकत नाहीत' असं इंस्टावर सगळे सांगतात. नुसतं थकवणं दिवाणीच, पोलिस उचलून नेत नाहीत, हे खरं. पण खात्यात पैसे नाहीत म्हणून नॅच परत गेलं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागू शकतं, ते चेक बाउन्सच्या कलम १३८ सारखंच आहे, तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायची मुदत, नाही दिले तर फौजदारी तक्रार. दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. पंधरा हजारासाठी प्रत्येकावर टाकतील असं नाही, पण पोस्टाने खरी नोटीस आली तर तिला व्हॉट्सॲपवरच्या लाल शिक्क्याच्या पीडीएफसारखं फेकू नका. आणि ती पीडीएफ 'लोकअदालत'ची असेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे केस नंबर दाखवून विचारा, फुकट सांगतात. बऱ्याच वेळा तो नंबरच अस्तित्वात नसतो.

दंडाचा हिशोबही मागा. रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना आणि जून २०२४ अखेरपर्यंत जुन्यांनाही लागू झालाय, उशिराबद्दल दंड घेता येतो पण तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. मुद्दल, व्याज, दंड वेगवेगळं लिहून द्या म्हटलं की निम्म्या ठिकाणी आकडा आपोआप खाली येतो.

धायरी_फाटा
आणि दामदुपट? व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही ना? आमच्या गावाकडे सावकाराला लोक हेच सुनावतात.

काळाकोट_शिवाजीनगर
ताई, ते सावकाराला. एनबीएफसी रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतात, त्यांना राज्याचे सावकारी कायदे लागत नाहीत असं सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये सांगून टाकलंय. ॲपच्या मागे कुठलीच नोंदणीकृत कंपनी नसेल तर मात्र गोष्ट वेगळी.

धायरी_फाटा
तेच विचारायचं होतं, कारण आमच्याकडे तसलंच झालंय. मिस्टरांनी घेतलेलं, सात दिवसांचं, करारावर कंपनीचं नावच नाही. सातव्या दिवशी सकाळी सहाला माझ्या माहेरी फोन, वहिनीला फोटो पाठवले, एडिट केलेले. कुठली बोलणी आणि कुठले हप्ते. सासूबाई म्हणत होत्या देऊन टाका आणि विषय संपवा, दिले तर पुन्हा तेवढेच मागितले. ह्यांच्याशी बोलायचंच नाही असं माझं मत आहे. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला, स्क्रीनशॉट जपून ठेवले, सगळ्या नातेवाइकांना आपणच एक मेसेज टाकला की असं असं झालंय, फोन आला तर ब्लॉक करा. लाज वाटली, पण त्यांच्या हातातलं हत्यारच गेलं.

वानवडीकर
अगदी बरोबर, मी जे लिहिलं ते फक्त नोंदणीकृत एनबीएफसीसाठी. जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या साइटवर कर्ज देणाऱ्या ॲप्सची यादी आहे, आधी तिथे बघायचं. आणि यादीतल्या ॲपलाही कॉन्टॅक्ट लिस्ट, गॅलरी बघायची परवानगी नाही. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही, ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे.

कर्जमुक्त_जीवन
आमची टीम तुमचं लोन ५०% मध्ये सेटल करून देते, तुम्ही फक्त महिन्याला थोडी फी भरा, कॉल्स आम्ही घेतो. डीएम करा.

एकेकाळचा_कॉलर
आले. ह्यांचे फोन आम्ही पण घ्यायचो, काही वेगळं मिळत नाही, आकडा तोच. फी वर.

चाकण_सेकंडशिफ्ट
वानवडीकर, नियम मला पण माहितीयेत. नियम सांगितला की समोरचा म्हणतो 'मग कर ना कंप्लेंट'. केली तर तुमचा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल हप्ते पाडून देणार आहे का?

काळाकोट_शिवाजीनगर
नाही देणार. कंपनीने कुणाला सवलत द्यायची हा तिचा धंद्याचा निर्णय, त्यात लोकपाल पडत नाही. दमदाटी, चुकीची वसुली, लपवलेली फी, ह्यावर तक्रार चालते. आधी कंपनीला लिहायचं, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुढे, पैसे पडत नाहीत. पण खरं सांगू का, तक्रार गेली की कंपनीच्या आत फाइल कॉल सेंटरमधून उठून वरच्या टेबलावर जाते, आणि त्या टेबलावरच्या माणसाला हप्ते मंजूर करायचा अधिकार असतो.

चाकण_सेकंडशिफ्ट
बरं, हे पटलं. पण निम्म्यात मिटत असताना पूर्ण भरा हे नाही पटत. त्यांनी कापलेली फी, मुदतवाढीचे पैसे, सगळं धरलं तर कंपनीचं नुकसान कुठे झालं?

वानवडीकर
कंपनीचं नुकसान व्हावं की नाही हा प्रश्नच नाहीये हो. निम्म्यात मिटवायला तुम्हाला निम्मे एकरकमी लागतात, साडेसात हजार एका दिवसात. ते असते तर मुदतवाढ कशाला केली असती कुणी? मग लोक दुसऱ्या ॲपवरून घेऊन पहिलं सेटल करतात, हे मी डोळ्यांनी बघतोय. वर ती कंपनी सेटलमेंटनंतर निदान वर्षभर तुम्हाला उभं करत नाही, म्हणजे पुढच्या वेळी अजून खालच्या दर्जाच्या ॲपकडे जाणार, धायरीच्या ताईंच्या बाबतीत झालं तसल्या.

चाकण_सेकंडशिफ्ट
निम्मे एकरकमीच लागतात असं नाही, मला तीन भागांत दिलं होतं त्यांनी.

एकेकाळचा_कॉलर
मिळतं तसं, पण पत्र बघा. एक जरी भाग चुकला तर सवलत रद्द आणि पूर्ण रक्कम परत उभी, ही ओळ खाली असते. तुमच्या पत्रात होती का? आणि एनओसी, म्हणजे कर्ज मिटल्याचं पत्र, आली का हातात?

चाकण_सेकंडशिफ्ट
पत्र व्हॉट्सॲपवर आलंय. एनओसी 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणतात.

एकेकाळचा_कॉलर
मग आजच मेल टाका, पैसे भरल्याच्या तिन्ही पावत्या जोडून. आणि सिबिलचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो तो काढा, त्यात लोन अजून चालू दिसत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट पण त्याच मेलला लावा.