पायथॉनमधलं डेस्कटॉप अ‍ॅप म्हणजे खेळणं?

देवगड खाडी: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'पायथॉनमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप करणारे आळशी, खरं काम सी प्लस प्लसमध्येच.' डोकं सणकलं. काकांच्या आंबा पॅकिंगचा हिशोब चार सीझन माझ्या टीकिंटरच्या (पायथॉनची खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) प्रोग्रॅमवर चालतोय. पेट्या, हमाली, वाशीच्या दलालाची पट्टी, सगळं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फायलीत. नेट नसलं तरी अडत नाही. ई-पुस्तकांचं कॅलिबर पायथॉन आणि क्यूटी लायब्ररीत आहे, फोटोंच्या लाइटरूमच्या इंटरफेसचा मोठा भाग लुआत, तीही पायथॉनसारखीच स्क्रिप्टची भाषा. ती खेळणी का?

चिपळूण बाजारपेठ: ते मीच लिहिलंय, माघार नाही. लाइटरूममध्ये फोटोवरचं जड काम सी प्लस प्लस करतं, ते गाळलंस. आणि तुझी एक्झी, म्हणजे प्रोग्रॅम चालू करायची फाइल, पायथॉनचा प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या पायइन्स्टॉलरचीच ना? एका फायलीत बांधली की दर वेळी आधी टेम्प फोल्डरमध्ये उलगडते, मग उघडते. अँटिव्हायरस तिलाच व्हायरस समजतो. ऐन गणपतीत माझ्या गिऱ्हाइकाकडे हेच झालं. दुकानात रांग आणि मी फोनवर शिव्या खातोय.

वेंगुर्ला बंदर: वेगाचं सोडा, मराठीचं बोला. आमच्या सोसायटीचा जुना प्रोग्रॅम व्हीबी सिक्स या जुन्या भाषेतला. सगळी नावं जुन्या फॉन्टात, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. फॉन्ट गेला आणि सभासदांची यादी कचरा झाली. पावसाळाभर आम्ही दोघं ती हाताने टंकत होतो. पायथॉन ३ मध्ये २००८पासून स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, युनिकोडच आहे; मराठी अक्षराला त्याचा स्वतःचा कोड.

चिपळूण बाजारपेठ: युनिकोड आलं म्हणजे मराठी आली? साधं सॉर्ट लावून बघ. 'काळसेकर' येतो 'कासकर'च्या आधी, कारण युनिकोडात ळ बसवलाय ल आणि व यांच्या मध्ये. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर.

वेंगुर्ला बंदर: मग सी प्लस प्लसमध्ये साधं सॉर्ट लावल्यावर काय वेगळं होतं? तिथेही आयसीयू (भाषेनुसार क्रम लावणारी लायब्ररी) जोडावं लागतं, इथेही. भाषेला कशाला बोल लावता?

चिपळूण बाजारपेठ: किती जण जोडतात ते सांग. ळ आपलाच आहे, आपणच सांभाळायचा.

पडेल बागायतदार: माका भाषेतला काय एक कळना नाय. माका पेटी मोजूक व्हयी आणि बिल मराठीत येवक व्हया. ता जो करीत तो माझो.

देवगड खाडी: ळ चं माझं चुकलंय. काकांच्या यादीत तसंच येतं, चार वर्षं लक्षात आलं नाही. आज दुरुस्त करतो. पण 'आळशी' शब्द मागे घ्या.

चिपळूण बाजारपेठ: एक्झी फोल्डरवाली दे, एका फायलीची नको. मग घेतो.