ग्रुप सोडतेय, सोसायटी नाही

बी-३०२: सकाळी उठते तर पार्किंगवरून ४० मेसेज! आज रात्री मी सोसायटीचा हा व्हॉट्सॲप ग्रुप सोडतेय. फेसबुक, इन्स्टाग्राम आधीच काढलंय. गुपचूप निघता आलं असतं, २०२२पासून सूचना फक्त ॲडमिनलाच जाते. पण मागे उगाच तर्क नकोत.

ए-१०१: शनिवारी टाकी धुणार. ११ ते ४ पाणी बंद. नोंद घ्यावी 🙏

सी-२०४: वहिनी, म्यूट करा ना. जाताय कशाला?

बी-३०२: म्यूटच आहे हो भाऊजी. आवाज बंद होतो, बघणं कुठे बंद होतं? लिफ्ट येईपर्यंतसुद्धा अंगठा चालूच. सरकवत राहा, संपत नाही. ही न संपणारी स्क्रोलिंग २००६मध्ये ज्याने बनवली, त्या आझा रास्किननेच पुढे जाहीर खंत व्यक्त केली. शेवटच नसेल तर माणूस थांबणार कुठे?

डी-४०१: पार्किंगचा विषय मी काढला होता. टोमणा असेल तर स्पष्ट बोला.

सी-२०४: झालं सुरू 😀 वहिनी, मलाही सोबत न्या.

डी-४०१: हसा. माझ्या जागेत गाडी तुमचीच होती.

ए-१०१: वर गेलं म्हणून पुन्हा टाकतोय. शनिवारी टाकी धुणार. ११ ते ४ पाणी बंद.

बी-३०२: टोमणा नाही. मला लागलं ते वेगळंच. सी विंगचे आजोबा गेल्याची बातमी आली, तिच्यावर कोणीतरी 👍 टाकला. लगेच खाली गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’. त्यांची सून याच ग्रुपवर आहे.

ए-५०३: फूल माझं होतं. बातमी वर सरकली होती, दिसली नाही. सूनबाईंना भेटून माफी मागितली. पण ग्रुपला सरसकट नावं ठेवू नका. आमची मुलं लांब. सकाळी फूल पाठवलं की चार जणांचा नमस्कार येतो. कितीदा दिवसभराचं बोलणं तेवढंच असतं.

बी-३०२: काका, तुमच्यावर राग नाही. खरंच नाही. मला फोन करत जा, मी उचलेन.

सेक्रेटरी: सूचनांसाठी वेगळा ग्रुप करतो. त्यात फक्त ॲडमिन लिहितील.

डी-४०१: म्हणजे तक्रारी दाबायच्या!

सेक्रेटरी: साहेब, तक्रारवही ऑफिसात आहे. कधीही लिहा.

ए-१०१: शनिवारी टाकी

सी-२०४: काका, पाठ झालं 🙏

बी-३०२: सूचनांच्या ग्रुपमध्ये मला नक्की घ्या. इथून रात्री निघते.

ए-५०३: उद्या सातला फोन केला तर चालेल?

बी-३०२: साडेआठनंतर करा काका, आधी मुलांच्या शाळेची घाई असते.