मदत हवी आहे: न्यूझीलंडचा वेस्ट कोस्ट, गाडीने

मंडळी, फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन वानाकाहून हास्ट खिंडीमार्गे होकिटिकाला जायचंय. १८६५च्या सुमारास सोन्यासाठी माणसं लोटली ती हीच किनारपट्टी. फॉक्स ग्लेशियरजवळ गिलेस्पीज बीचला सोनं उपसणाऱ्या जुन्या ड्रेज यंत्राचे गंजलेले अवशेष आहेत, ते मला काहीही करून बघायचेत. पण तिथला रस्ता अरुंद, वळणावळणांचा आणि पुढे खडीचा. भाड्याची साधी गाडी नेली आहे का कुणी? विमा लागू होतो का? ड्रेजपर्यंतची पायवाट बाबांच्या गुडघ्यांना झेपेल? हास्टच्या आसपास मोबाईलला रेंज मिळते का, पेट्रोल कुठे भरून घ्यावं? वाटेतल्या रॉस गावात १९०९मध्ये तीन किलोंहून जड सोन्याचा गोळा सापडला होता. तिथे मुक्काम करावा की थेट होकिटिका गाठावं? आणि सँडफ्लाय चावू नयेत म्हणून नेमकं काय लावता?